आईच्या लाखातल्या माझ्या ३८६ जुड्या

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. वय ८१. प्लास्टर घालून रिक्षातून घरी आणत होतो तर बाईंचं पहिलं वाक्य काय, "आता माझ्या वातींचं काय?" मी म्हटलं आई, हाड मोडलंय, वाती कसल्या घेऊन बसलीस. तर गप्प बसली. आई गप्प बसली की समजायचं विषय संपलेला नाही.

तिचा लक्षवातींचा नेम चालू होता, आदल्या वर्षीच्या कार्तिकापासून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एक लाख वाती हाताने करायच्या आणि मग उद्यापनाला त्या तुपात भिजवून देवापुढे एकदम लावायच्या. लाख वेगवेगळ्या वाती करत नाहीत, निदान आमच्याकडे तरी नाही. कापसाचा धागा हाताने काढत जायचा आणि चार बोटांवर गुंडाळायचा, एक वेढा म्हणजे एक वात. शंभर वेढे झाले की बोटांवरून उतरवून हलका पीळ द्यायचा, ती एक जुडी. अशा हजार जुड्या. आईची शंभर पानी वही आहे, त्यात रोजची तारीख आणि पुढे जुड्या, अगदी पासबुकासारखं. शेवटची नोंद ६१४. म्हणजे उरल्या ३८६.

मी बँकेतून दोन वर्षांपूर्वी व्हीआरएस घेतली. बायको शाळेत, संध्याकाळी तिच्या ट्यूशन्स, पोरगी बेंगळुरूला. घरात रिकामा माणूस मी एकटाच. तरी पहिला प्रश्न मी हाच विचारला की अगं तयार मिळतात की बाजारात, लक्षवातींची पाकिटंच मिळतात, आणूया का चार. आई म्हणाली, "मग पोथी पण दुसऱ्याकडून वाचून घे आणि जेवण पण दुसऱ्याला जेवायला सांग." झालं. एकादशीला सकाळी साडेपाचला देवघरासमोर पाटावर बसलो. आई शेजारी खुर्चीत, हात गळ्यात अडकवलेला.

कापूस आमच्याकडे मामेबहिणीच्या परसातल्या झाडाचा येतो, देवकापूस. झाड वर्षानुवर्षं टिकतं आणि पूर्वी केवळ वातींसाठी म्हणून लोक दारात लावायचे. त्याची सरकी हाताने काढायची, मग बोटांनी पिंजायचा म्हणजे ओढून ओढून मोकळा करायचा, ढगासारखा व्हायला पाहिजे. मेडिकलमधला गुंडाळीचा कापूस आईला चालत नाही, त्याचा धागा लांब निघत नाही म्हणते, आणि खरंय ते, मी नंतर चोरून करून बघितलं, वीतभरसुद्धा न निघता फसकन सुटतो.

आता धागा काढणं. पिंजलेल्या कापसाचा पुंजका उजव्या हाताच्या चिमटीत धरायचा, बोटांना थोडं भस्म लावायचं म्हणजे घामाने चिकटत नाही. टोक डाव्या हाताच्या बोटांत घ्यायचं, डावा हात हळूहळू लांब न्यायचा आणि त्याच वेळी उजव्या चिमटीत अंगठा तर्जनीवर सरकवत पीळ देत राहायचा. वीतभर धागा सुटला की तो डाव्या हाताच्या चार बोटांवर गुंडाळायचा. वाचायला सोप्पं आहे. पहिल्या दिवशी माझा धागा दर दोन इंचांवर तुटत होता आणि जिथे तुटत नव्हता तिथे गांडुळाएवढा जाड. तुटला की गाठ मारायची नाही हा नियम, दोन्ही टोकं विसकटून एकमेकांवर ठेवायची आणि परत पीळ द्यायचा. मी दोनतीन ठिकाणी गुपचूप गाठ मारली. आईने डाव्या हाताच्या बोटांत जुडी घेऊन नुसती फिरवली आणि म्हणाली, "इथे ज्योत अडखळेल बघ." बरोब्बर गाठीवर बोट.

पहिली जुडी ५० मिनिटांत झाली. हातात घेऊन तिने बघितली, म्हणाली, "हे काय, उंदराचं शेपूट?" आणि वहीत नोंद केली नाही. पहिल्या आठ दिवसांत केलेल्या ११ जुड्या अशा नापास झाल्या, त्या रोजच्या समईच्या डब्यात गेल्या. माझा इतका अपमान बँकेत ऑडिटवाल्यांनीसुद्धा केला नव्हता.

मी मधेच एक आयडिया काढली. माळ्यावर आजोबांची टकळी पडलेली होती, ते जानव्याचं सूत घरीच कातायचे. जानव्याला पण हेच चार बोटांचं माप, चार बोटांवर ९६ वेढे, मग तिहेरी करून पीळ, परत तिहेरी, म्हणजे नऊ तंतू. माझ्या मुंजीत हे गुरुजींनी सांगितलेलं, तेव्हा लक्ष सगळं भिक्षावळीतल्या लाडवांवर होतं. तर म्हटलं टकळीवर सूत भराभर निघेल, यूट्यूबवर बघून शिकलो पण, चार दिवसांत बऱ्यापैकी धागा निघायला लागला, एकसारखा, मस्त. आईला दाखवला. तिने एक तुकडा पणतीत तेलात घालून लावला आणि शेजारी तिच्या हातचा. माझा धागा पेटला, जरा वेळ जळला आणि टोकाला कोळसा धरून करपला, तिचा निवांत जळत राहिला. "पीळ जास्त झाला की तेल वर चढत नाही. जानवं टिकायला हवं, वात जळायला हवी, दोन्हीला एकच सूत कसं चालेल?" टकळी परत माळ्यावर. तोंडाची टकळी मात्र चालू होती माझी, म्हणून पुढचा नियम आला की वाती वळताना बोलायचं नाही, आणि मोबाईल हॉलमध्ये ठेवायचा.

मग मोजायची पंचाईत. आई म्हणे प्रत्येक वेढ्याला एक नाम घ्यायचं. आता मी आकडा मोजू का नाम घेऊ? एकवीस राम बावीस राम असं काहीतरी विचित्र व्हायला लागलं आणि चाळिसाच्या पुढे हमखास घोळ. मग तिने तिची युक्ती सांगितली, दोन वाट्या घ्यायच्या, एकीत दहा तुरीचे दाणे. दहा नामं झाली की एक दाणा पलीकडच्या वाटीत. दहाच्या पुढे मोजायचंच नाही कधी. ३१ वर्षं नोटा मोजलेला माणूस मी, मला हे आधी सुचायला नको?

आता खरं सांगायचं तर पहिला महिनाभर शांतता, एकाग्रता वगैरे काही नाही. उलट डोक्यात जे जे दाबून ठेवलेलं होतं ते सगळं त्याच वेळी वर यायचं. एका जुन्या साहेबाने माझं प्रमोशन कसं लांबवलं, भावाशी जागेवरून झालेलं बोलणं, पोरीच्या लग्नाचा विषय. आणि गंमत म्हणजे ते सगळं धाग्यात दिसायचं. साहेब आठवला की चिमूट घट्ट व्हायची आणि धागा तटकन तुटायचा. झोप येत असली की जाड. आई काही विचारायची नाही, नुसती जुडी हातात घेऊन म्हणायची, "आज कोणाशी भांडत होतास?" हे मला फार लागायचं, कारण दर वेळी खरं असायचं. ध्यानाच्या एका शिबिराला मी पूर्वी जाऊन आलोय, तिथे मन भरकटलं तर तुम्हाला स्वतःलाच कळलं पाहिजे, इथे तर पुरावाच हातात.

श्रावणात हवा दमट, कापूस बोटांना चिकटायचा, पुंजका उन्हात ठेवावा तर ऊन नाही. मी तव्याच्या उबेवर परातीत ठेवून गरम करायचो, बायको म्हणायची एक दिवस घर पेटवणार हा माणूस. पण हात बसत चालला होता. ५० मिनिटांची जुडी २५ वर आली. गोकुळाष्टमीनंतर कधीतरी एक सकाळ अशी आली की शंभर झाले आणि धागा एकदाही तुटला नव्हता. मी ते लगेच ओरडून सांगितलं आणि पुढच्या जुडीत सात वेळा तुटला.

आम्ही मिरजेत राहतो, आमच्या शेजारचे एक जण तंबोऱ्याच्या कारखान्यात काम करतात. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सुती दोरा असतो, तो मागेपुढे सरकवून जवारी लावतात, म्हणजे तो झंकार येतो ना तारेला तो. ते एकदा पेपर मागायला आले, माझा धागा बघितला, दोन बोटांत फिरवून म्हणाले, "साहेब, तंबोऱ्याला नाही चालायचा, पण देवाला चालेल, देव काय सुरात असो नसो ऐकतो." मला राग यावा की हसू यावं कळेना. आई मात्र तोंडाला पदर लावून हसत होती.

गणपतीत आठवडाभर लक्षवाती बाजूला आणि वस्त्रांचं काम. हे मात्र मला मनापासून आवडलं. कापसाची वस्त्रं तुम्ही बघितली असतील, पूजेत गुरुजी "कार्पासनिर्मितं वस्त्रं समर्पयामि" म्हणतात तेव्हा वाहतात ती, कर्नाटकाकडे गेज्जेवस्त्र म्हणतात. पिंजलेल्या कापसाची लांब पट्टी करायची, ठरावीक अंतरावर ओल्या कुंकवाच्या बोटांनी चिमटून पीळ द्यायचा, मधला भाग फुगीर राहतो, तो मणी. गणपतीला २१ मण्यांचं. मणी एकसारखे आले पाहिजेत आणि कुंकू मण्यावर पसरता कामा नये, पाणी जरा जास्त झालं की लाल ओघळ. माझं पहिलं वस्त्र जखमेच्या बँडेजसारखं दिसत होतं, बायकोने फोटो काढून पोरीला पाठवला. तिसरं जमलं. बाप्पाच्या गळ्यात घातलं तेव्हा मी उगाच दोनतीनदा काहीतरी निमित्त काढून मखरापाशी जाऊन बघून आलो. मग गौरींचा दोरा, सोळा पदरी, सोळा गाठी, तो आईने डाव्या हाताने आणि दाताने धरून स्वतःच केला, मला हात लावू दिला नाही.

गणपतीच्या आधी वहीत आकडा होता ७३४. मी हिशोब केलेला, त्रिपुरी पौर्णिमेला उद्यापन करायचं तर पहिल्यापासून रोज तीन पाहिजे होत्या, थोडा मागे आहे पण कव्हर करेन. आणि अनंत चतुर्दशीनंतर तिसऱ्या दिवशी कोल्हापूरचे चुलत काका गेले. दहा दिवस सुतक. देवघर बंद. मी आईला म्हटलं मी खोलीत बसून वळतो की, नाम नाही घेत, नुसता धागा काढून ठेवतो. ती म्हणाली, "नाही." बस्स, पुढे एक शब्द नाही. त्या दहा दिवसांत रोज पहाटे साडेपाचला जाग यायची आणि अंगठा आपोआप तर्जनीवर फिरत असायचा. चहाच्या कपाच्या कानावर, चादरीच्या टोकावर. बायको म्हणाली, हे काय जपाचं वेड लागलं का. मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं की आपल्याला याची सवय लागलेली आहे, भक्ती म्हणा नाहीतर सिगरेटसारखं म्हणा.

पण सुतक फिटल्यावर माझं बिघडलं. दसऱ्याला आकडा ८०६, त्रिपुरीला उरले ३५ दिवस, १९४ जुड्या बाकी. झालं, मार्च एंड सुरू. सकाळी तीन, दुपारी एक, रात्री बायको झोपल्यावर अजून एक. नाम कुठलं, दाणे सरकवायचे फक्त. कधीकधी नऊलाच दाणा सरकवला असेल, शपथेवर सांगू शकत नाही. अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं, तर्जनीची कातडी फाटली, धागा रखरखीत. आईचं प्लास्टर एव्हाना निघालेलं होतं पण बोटांत चिमटीची ताकद यायची होती, डॉक्टरांनी स्पंजचा बॉल दाबायला दिलेला. ती बॉल दाबत माझ्याकडे बघत बसायची. एकदा म्हणाली राहू दे, माघात करू, माघी पौर्णिमेलाही उद्यापन चालतं. मी म्हटलं नाही, त्रिपुरीलाच होणार. आवाज चढला होता माझा.

दिवाळीत कळून चुकलं की होत नाही. मग मी जे केलं ते लिहायला लाज वाटते पण लिहितो. बाजारात गेलो आणि शंभर पदरी तयार जुड्या ६० आणल्या. थोड्या हाताने विसकटल्या म्हणजे घरच्या वाटाव्यात, आणि डब्यात मिसळून टाकल्या. वैकुंठ चतुर्दशीला म्हणजे त्रिपुरीच्या आदल्या दिवशी दुपारी आई डबे घेऊन बसली, जुन्या लुगड्यावर सगळ्या जुड्या ओतल्या आणि एकेक बोटांतून फिरवून शंभराचे ढीग करायला लागली. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो. तासाभराने बघतो तर एक वेगळा ढीग होत चाललेला. काही बोलत नव्हती. बाजारच्या कापसाची जुडी गुळगुळीत लागते, त्यात कुठे कुठे राहून गेलेली सरकीची कणी लागत नाही, हे मला आता माहिती आहे, तेव्हा नव्हतं.

ढीग पूर्ण झाल्यावर तिने तो मोजला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी उठून बघितलं तर लिहिलेलं, ६१ बाद. आता मी आणलेल्या तर ६० होत्या. म्हणजे त्या ढिगात एक माझी होती. खाली बसून एकेक बघत गेलो आणि सापडली, गोकुळाष्टमीनंतरच्या त्या सकाळची वगैरे नाही, नंतरचीच कुठली तरी, पण इतकी एकसारखी आलेली की आईला बाजारची वाटली. मी ती उचलून तिच्यासमोर धरली आणि म्हटलं, "ही माझी आहे गं." म्हणजे बाकीच्या साठ नाहीत हे आपसूकच सांगून झालं. तिने ती उजेडाकडे धरली, टोक चुरगळून बघितलं, नखात एक बारीक काळी कणी आली. "हां," म्हणाली, आणि ती ९४२ च्या ढिगात टाकली. वहीत ६१ खोडून ६० केलं. तेवढंच. साठ जुड्या समईच्या डब्यात गेल्या, आणि त्या रात्री जेवताना तिने मला न विचारता पानात दुसऱ्यांदा भात वाढला.

त्रिपुरीला आम्ही देवळात साडेसातशे पदरांची तयार त्रिपुरवात लावून आलो, ती मात्र बाजारची तिला चालते, तिथे काही प्रॉब्लेम नाही! मला हे लॉजिक अजून कळलेलं नाही.

मग ५७ राहिल्या. आईने सांगितलं रोज एकच, दुसरी करायची नाही, कितीही वेळ असला तरी. हे जड गेलं सुरुवातीला. २० मिनिटांत जुडी उरकून मी तिथेच बसून राहायचो, उठवत नसे. मग हळूहळू ती एकच जुडी पाऊण तासाची व्हायला लागली, म्हणजे पहिल्या दिवशी लागला होता जवळजवळ तेवढाच वेळ, फक्त आता धागा तुटत नव्हता. थंडी पडलेली, कापूस कोरडा, पलीकडे कारखान्यात कोणीतरी तारा जुळवतंय, आणि चिमटीतून धागा सुटताना एक बारीकसा आवाज येतो, खरखर नाही, श्वास सोडल्यासारखा, तो मला मार्गशीर्षात पहिल्यांदा ऐकू आला. आषाढापासून येत असणारच तो. नाम घेताना मधे बराच वेळ असा जायचा की साहेब नाही, भाऊ नाही, कोणीच आलेलं नाही, आणि हे लक्षात आलं की लगेच यायचेच. त्याच्या पुढे मी काही सांगू शकत नाही, पुढे गेलेलोच नाही.

शेवटच्या दहा जुड्या आईने केल्या. मनगट वाकडं जुळलंय थोडं पण चिमूट आली. माझ्याइतक्या चांगल्या येत नव्हत्या तिच्या, मी दोन हातात घेऊन फिरवल्या आणि काही बोललो नाही. म्हणजे मथळ्यातला ३८६ चा आकडा पण खरा नाही, माझ्या ३७६ च. शाकंभरी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी वहीत १००० लिहिलं.

माघी पौर्णिमेला उद्यापन. सोन्याची इवलीशी वात आणि चांदीचं निरांजन द्यायचं असतं, ते सराफाकडून आणलं. दोन मोठ्या पितळी परातींत जुड्या रचल्या, तूप किती लागलं ते बायको अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. अंगणात तुळशीसमोर लावल्या. आधी काठाच्या चारपाच धरल्या, मग एकदम भस्सकन सगळं पेटलं आणि आम्ही चार पावलं मागे सरकलो, शेजारच्यांनी पाण्याची बादली आणून ठेवली. मी बघत होतो की माझ्या सुरुवातीच्या जाड जुड्या कुठे आहेत, कुठे ज्योत अडखळतेय का. काही कळत नव्हतं, सगळी एकच आग. सव्वा वर्षाचं काम दोन तासांत संपलं आणि परातीत काळं तेलकट काहीतरी उरलं, ते आईने गार झाल्यावर तुळशीच्या मातीत मिसळायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला जाग आली. देवघरात दिवा होता, आई आधीच बसलेली, पुढ्यात कापूस. मी पाट ओढला, बोटांना भस्म लावलं आणि विचारलं आता काय करायचं.

"रोजच्या समईच्या दोन कर," म्हणाली. "त्या साठ संपल्यात."